खिडकीवरची फरशी का घसरते?

घरी गवंडी भिंतीला फरश्या बसवत असेल, तर खिडकीपाशी थांबून पाहा. एरवी प्रत्येक फरशी खालच्या फरशीवर टेकलेली असते. खिडकीच्या माथ्यावर मात्र खाली नुसती पोकळी! 15 सेंटिमीटर चौरस फरशी जेमतेम पाव किलोची. पण ओल्या सिमेंटला तेवढाही भार पेलत नाही, ती हळूहळू सरकते. म्हणून गवंडी पाणसळ लावून तिच्याखाली आडवी लाकडी पट्टी ठोकतो. सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, आणि त्याला काही तास लागतातच. आमच्याकडे पट्टी संध्याकाळीच काढली. सकाळी पाहतो तो ओळ तिरकी, आणि तिच्यावर टेकलेल्या दोन्ही ओळीही! सगळे उकरून पुन्हा बसवावे लागले.