फरक वयाचा की पिढीचा?

पन्नाशी ओलांडली की बुद्धी उताराला लागते, असे आपण धरूनच चालतो. या समजुतीला मोठा आधार आहे तो वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकाच वेळी चाचणीला बसवण्याच्या पद्धतीचा. दहा साधे शब्द वाचून दाखवायचे, किती आठवतात ते लगेच विचारायचे, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे. दिंडोरीची सत्तरीतली आजी आणि नाशिकच्या कॉलेजात शिकणारी तिची नात यांना शेजारी बसवले, तर बहुधा नातच पुढे जाईल. पण या फरकात वय किती आणि शाळा किती? पाटीला कधी हात न लागलेल्या आजीला परक्या माणसासमोर उत्तरे देण्याची सवय नाही. मजुरीचा आणि मालाच्या भावाचा हिशेब ती तोंडी करते, पण तो चाचणीत येतच नाही.

ही गफलत मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 पासून सिअ‍ॅटलमध्ये उलगडली. एकाच वेळच्या चाचणीत आलेख तरुणपणापासूनच घसरताना दिसे. तीच माणसे दर सात वर्षांनी तपासली, तेव्हा बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकलेल्या आढळल्या; वेग तेवढा आधी मंदावला. बराचसा उतार वयाचा नव्हताच, कमी शिकलेल्या आधीच्या पिढ्यांचा होता. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात मुलांचा मागोवा जन्माआधीपासून घेतला गेला. गरोदरपणी ज्या आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधानाच्या आणि तात्पुरत्या स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. पाठपुरावा नसता, तर हा धागा हाती लागलाच नसता.

आक्षेप खरे आहेत. काही माणसे गाव सोडतात, काही दगावतात. उरतात ती अधिक धडधाकट, म्हणून चित्र गुलाबी दिसते. त्यावर शाय यांनी प्रत्येक फेरीत नवा गट जोडला. गळालेले आणि टिकलेले यांची सुरुवातीची उत्तरे ताडून पाहता येतात. खर्चाची सबब मात्र पटत नाही. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 72 हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली, तीही पुन्हा त्यांच्याकडेच जाण्याच्या योजनेने. तिची उणीव एवढीच की ती पंचेचाळिशीला सुरू होते; तोवर निम्मे आयुष्य सरलेले असते.

हे काम नाशिकला करता येईल. 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शाळा सुटलेली माणसे तिशी-चाळिशीतही पुस्तकाकडे परततात. उशिरा मिळालेले शिक्षण म्हातारपणची बुद्धी किती सावरते, हे त्यांच्याइतके कोण सांगणार? विद्यापीठाने यंदाच्या प्रवेश अर्जातच संमतीचा एक रकाना ठेवावा आणि सात वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा थाप द्यावी.