पाठ झाले, समजले का?

बारावीचा निकाल आणि 'नीट'ची यादी लागली की आपल्या घरांतून पेढे वाटले जातात. कोणाला बीएस्सी नर्सिंग मिळते, कोणाला बी. फार्मसी, कोणाला बीयूएमएस किंवा एमबीबीएस. कोणी साध्या बीएस्सीला जाते. अलीकडे या यादीत मुलींची नावेही दिसतात, अल्हमदुलिल्लाह. मग फी, वसतिगृह, बसचा पास, पांढरा कोट अशी धावपळ सुरू होते आणि ती आपण मनापासून करतो. पण एकदा प्रवेश झाला की वर्गात काय चालते, हे विचारायची आपल्याला सवय नाही. मग पहिली अंतर्गत परीक्षा होते आणि घरी फोन येतो, "अम्मी, मला काहीच समजत नाही."

अशा वेळी घरात दोनच मते निघतात. एक, पोर मेहनत करत नाही. दुसरे, हे तिच्या आवाक्यातलेच नव्हते. मुलगा असेल तर त्याला रागावले जाते. मुलगी असेल तर एखाद्या खालाजान स्थळ सुचवतात. तिसरीही एक शक्यता असते, की शिकवणे आणि शिकणे यांची रीतच कुठेतरी चुकते आहे. आम्हाला इथे त्या तिसऱ्या शक्यतेबद्दल बोलायचे आहे, कारण तिच्यावर उपाय आहे आणि त्याचा एक मोठा दाखला आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे.

आधी अडचण पाहू. आपल्या पुष्कळ घरांत दखनी बोलली जाते, शाळा मराठी किंवा उर्दू असते आणि कॉलेज इंग्रजी. मराठी शाळेत जी 'पेशी' होती, उर्दू शाळेत ती 'खलिया' होती, कॉलेजात ती 'सेल' होते. वस्तू एकच, पण पहिले सहा महिने मुलीचा जीव नावे जुळवण्यातच जातो. तोवर सर पुढच्या धड्यावर गेलेले असतात. तास संपताना ते विचारतात, "काही शंका?" साठ-सत्तर मुलांत एकही हात वर होत नाही. ज्याला काहीच समजले नाही त्याला शंकाही कुठली विचारणार? मग सीनियरकडून नोट्स आणायच्या, झेरॉक्स काढायची, परीक्षेच्या आधी रात्र रात्र वाचायचे. पास होता येते. पण वॉर्डात पेशंटसमोर उभे राहिले की नोट्स उपयोगी पडत नाहीत.

आता जामखेडला जाऊ. नगरहून पाऊणशे किलोमीटरवरचा हा दुष्काळी तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी ते आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. तिथे त्यांच्या ध्यानात आले की बरे करून घरी पाठवलेली माणसे त्याच आजाराने पुन्हा दारात येतात. हगवण, कुपोषण, बाळंतपणातला जंतुसंसर्ग. हे आजार दवाखान्यात नव्हे, गावात थांबवायला हवे होते. त्यासाठी त्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. तरुण नर्सला परक्या गावात एकटीने राहणे अवघड, आणि गावालाही ती परकी. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचे, असे ठरले.

निवडलेल्या बायांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येकी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत आणि एकत्र निजत. त्यांना वही देऊन उपयोग नव्हता, म्हणून शिकवणे तोंडी, चित्रांतून, गाण्यांतून आणि हाताने करून होई. शिकलेले त्या गावात जाऊन घराघरांत सांगत. पुढच्या खेपेला परत येऊन काय झाले, कोणी ऐकले, कोणी हसण्यावारी नेले, कुठे गाडे अडले, हे सगळ्यांसमोर मांडत. मग त्यावर पुन्हा बोलणे आणि पुन्हा नवा धडा. वर्षानुवर्षे हे असेच चालले.

फळ काय आले? १९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि पुढे १९९० च्या दशकात पंचविशीच्या आसपास उतरला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे शिकलेल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या महागड्या दिव्यांशी केली आणि स्वतःची साध्या पणतीशी, जिच्यावरून दुसरी पणती पेटवता येते. आज देशोदेशीचे वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या बायाही असतात.

कोणी म्हणेल, गावातल्या आरोग्यसेविकेचे काम वेगळे आणि साडेपाच वर्षांचा एमबीबीएस वेगळा. अगदी बरोबर. शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तके गाण्यांतून येणार नाहीत. पण जामखेडच्या बायांना जी गोष्ट आपोआप मिळाली, ती कॉलेजातल्या मुलांना मिळत नाही. शिकलेले दर आठवड्याला, पुस्तक समोर नसताना, दुसऱ्याला सांगावेच लागायचे. लपायला वहीच नव्हती.

या गोष्टीचा उपयोग किती होतो, हे अमेरिकेत मोजलेलेही आहे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदाच अभ्यासला आणि मग कागद बाजूला ठेवून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा त्यांना मजकुराचा सुमारे ४० टक्के भाग आठवला आणि दुसऱ्या गटाला ६१ टक्के. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील, ही खात्री चार वेळा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. झेरॉक्स नोट्स पाचव्यांदा वाचणाऱ्या आपल्या मुलांचे याहून वेगळे काय होते?

आपल्यातल्या हाफिजांना यात नवल वाटणार नाही. हिफ्जच्या वर्गात रोज नवा सबक ऐकवायचा असतो, शिवाय गेल्या काही दिवसांची सबकी आणि जुनी मंजिलही. उस्ताद समोर बसून ऐकतात आणि मुलगा न पाहता म्हणतो. पण हिफ्जमध्ये एकेक शब्द जसाच्या तसा जपायचा असतो, तर विज्ञानात अर्थ धरायचा असतो. म्हणून कॉलेजच्या मुलांसाठी आम्हाला हिफ्जपेक्षा मदरशातली दुसरी रीत जवळची वाटते, ती म्हणजे तकरार. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र पुन्हा पुन्हा करणे. दर्से निजामीचे विद्यार्थी संध्याकाळी घोळका करून बसतात, त्यांतला एक जण सकाळचा धडा आपल्या शब्दांत पुन्हा शिकवतो आणि बाकीचे त्याला अडवतात, प्रश्न विचारतात. फार्मसीच्या किंवा नर्सिंगच्या वसतिगृहात चार मुलींनी रोज अर्धा तास हे केले तर पैसा लागत नाही.

वैद्यकातही ही रीत जुनी आहे. नवव्या-दहाव्या शतकातले महान हकीम अबू बक्र अर-राझी यांच्याभोवती शिष्यांची वर्तुळे बसत, असे इब्न नदीम यांच्या 'फिहरिस्त' या ग्रंथात नोंदलेले आहे. आलेला रोगी आधी सर्वांत बाहेरच्या वर्तुळातल्या शिष्यांना आपली व्यथा सांगे. त्यांना उमगले नाही तर आतल्या वर्तुळाकडे जाई, आणि त्यांनाही जमले नाही तर अखेर राझी स्वतः बोलत. म्हणजे उस्तादांनी आधी शिष्यांना विचार करू दिला. आपल्याकडे बहुतेक तासांना उलटे होते. सर पहिल्या मिनिटालाच उत्तर फळ्यावर लिहितात.

एक उदाहरण घेऊ. जुलाब झालेल्या लेकराला साखर-मिठाचे पाणी द्यायचे, हे जामखेडच्या बाईला पक्के ठाऊक असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कॉलेजातली मुलगी आतड्यातल्या सोडियम आणि ग्लुकोजच्या वहनावर दहा गुणांचे उत्तर लिहिते. पण दादीने विचारले, "मीठ समजले गं, साखर कशाला?" तर ती थबकते. खरे तर उत्तर सोपे आहे. जुलाबात नुसते मीठ आतड्यातून नीट शोषले जात नाही. साखर त्याला हाताला धरून आत नेते आणि मिठामागून पाणी जाते. हे दखनीत सांगता आले की समजावे, धडा समजला. दादी पुढे विचारेल, "मग मला शुगर आहे, मी घेऊ का नको?" आता मुलीला पुन्हा पुस्तक उघडावे लागेल. तिथे तिला सापडेल की शरीरातले पाणी कमी झाले असेल तर मधुमेहीलाही ओआरएस देतात, रक्तातल्या साखरेवर लक्ष ठेवून. हा प्रश्न कोणत्याही गाइडने तिला विचारला नसता.

याच साखर-मिठाच्या पाण्यावरून बांगलादेशची एक गोष्ट आठवते. १९८० पासून दहा वर्षे तिथल्या 'ब्रॅक' संस्थेच्या महिला घरोघर जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांत त्या गेल्या. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यातल्या काही घरी जाऊन आयांना काय आठवते ते विचारी, आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरे. आयांना आठवत नसेल तर दोष आयांचा नव्हे, शिकवणारीचा. आमच्या मते आपल्या विद्यापीठांनी या हिशोबाकडे एकदा तरी पाहावे. पगार कापा असे आम्ही म्हणत नाही. पण अर्धा वर्ग नापास झाला तर प्रश्न फक्त मुलांना का विचारला जातो?

काही बदल झालेले आहेत, हेही सांगायला हवे. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम देशभर नव्याने आखला गेला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा काय करता येते, यावर त्यात भर आहे. पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख, रुग्णाशी बोलायचे शिक्षण, सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषा, असे त्यात आले. पुढे कुटुंब दत्तक योजनाही आली. प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली काही कुटुंबे सोपवली जातात आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्याने त्यांच्या आरोग्याची विचारपूस करायची असते. आपल्या जिल्ह्यात लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे असे विद्यार्थी आपल्या आसपासच्या गावांत येणारच. कागदावरची ही योजना जामखेडच्या वाटेनेच जाणारी आहे. ती मनापासून राबते की फक्त फॉर्म भरण्यापुरती उरते, हे शिक्षकांवर आणि थोडे आपल्यावरही आहे. नर्सिंग, फार्मसी आणि बीएस्सीच्या मुलांना मात्र अजून बरेच ठिकाणी वही आणि फळा एवढेच मिळते.

आपल्या मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. मोठ्यांसमोर बोलू नये, हा अदब आपण त्यांना लहानपणी शिकवतो आणि वर्गात तोच त्यांच्या तोंडाला कुलूप लावतो. हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा केली होती, ती दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही म्हणून. त्या स्त्रिया प्रेषितांना (स.) अगदी खासगी बाबीही विचारत. सरांना प्रश्न विचारणे बेअदबी नाही, हे मुलीला घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा स्पष्ट सांगावे लागते. अब्बांनी सांगितले तर जास्त चालते, असा आमचा अनुभव आहे.

आणि सुट्टीत मुलगी घरी आली की 'किती टक्के पडले?' यानंतर 'या महिन्यात काय शिकलीस, आम्हाला सांग' हेही विचारावे. दादी-नानींना समजेपर्यंत सांगू द्यावे. समजले नाही तर त्यांनी निःसंकोच 'नाही समजले' म्हणावे; मान डोलावून तिला फसवू नये. उद्या एखादा वैद्यकीय विद्यार्थी दत्तक कुटुंब म्हणून आपल्या दारी आला तर त्यालाही हेच करावे. चहा द्यावा, रोजे आणि औषधांच्या वेळा यांसारख्या आपल्या घरातल्या खऱ्या अडचणी सांगाव्यात, आणि बीपी मोजून झाल्यावर तो आकडा नुसता लिहून घेऊ लागला की विचारावे, "बाळा, याचा अर्थ काय, ते मराठीत सांग."