पिस्तूल किती पावसाळे टिकतं?

देशभरच्या पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं दिसत आलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. वंशावळ मात्र दूरची. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंगने त्याचा आराखडा सुरू केला आणि १९२६ मध्ये तो गेला. बेल्जियममधल्या एफएन कारखान्यातल्या द्यूदोने सेव्हने काम पुरं केलं, १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने ते चिनी सैन्यासाठी बनवलं आणि त्याच कॅनेडियन नमुन्यावरून आपलं इशापुरी. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. एफएनने मूळ आराखड्याचं उत्पादन २०१८ मध्ये थांबवलं, तरी पणजोबांचं नाव चालवायला इशापूरचा वारस होताच.

चाप ओढला की स्लाइड आणि नळी एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत जरा मागे जातात, नळीचं मागचं टोक खाली झुकून सुटतं, स्लाइड एकटी मागे धावते. एक्स्ट्रॅक्टरची नखी रिकामी पुंगळी ओढून बाहेर काढते, घोडा चढतो, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाताजाता ती मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये सारते. हे सगळं डोळ्यांना दिसायच्या आत होतं. यातली एकही पायरी चुकली तर पिस्तूल अडकतं. २०१८ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये चकमकीत हत्यार अडकलं तेव्हा एका फौजदाराने तोंडानेच ‘ठांय ठांय’ केलं. त्या चित्रफितीवर देश हसला. त्या हत्याराची शेवटची तपासणी कधी झाली होती, हे फारसं कुणी विचारलं नाही.

पिस्तुलाचा भरवसा तपासायची आधुनिक रीत अमेरिकेत रुजली. ३ मार्च १९११ ला कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडायला सुरुवात झाली. नळी तापली की पिस्तूल पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. सॅव्हेज ३७ वेळा बिघडलं, कोल्ट एकदाही नाही. पुढची सात दशकं अमेरिकी सैन्याच्या कमरेला कोल्टच राहिलं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या सुमारास नव्या पिस्तुलासाठी जी अटींची यादी केली, ती याच रीतीची पुढची पायरी होती: पहिल्या १०,००० गोळ्यांत २० हून जास्त अडथळे चालणार नाहीत, १५,००० नंतर झीज तपासायची, मग मुद्दाम जादा दाबाचं काडतूस झाडून पाहायचं. पडदे अडकवायच्या दांड्या आणि चाकू बनवणाऱ्या ग्लॉक नावाच्या माणसाने ही परीक्षा जिंकली.

पण इतक्या गोळ्या कशाला? याचं उत्तर आकडेशास्त्रात आहे. एखाद्या पिस्तुलातून ५० गोळ्या बिनबोभाट सुटल्या तर आपल्याला ते भरवशाचं वाटतं. प्रत्यक्षात त्यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की अडकण्याचं प्रमाण ६ टक्क्यांहून कमी असावं. म्हणजे सतरा गोळ्यांमागे एकदा अडकणारं पिस्तूलही त्या ५० गोळ्यांत निभावून जाऊ शकतं. प्रमाण एक टक्क्याच्या खाली आहे असं म्हणायला सलग ३०० गोळ्या हव्यात, हजारात एकाच्या खाली म्हणायला ३,०००. हिशेब सोपा: तीनला झाडलेल्या गोळ्यांनी भागा. शिवाय एकाच पिस्तुलातून २०,००० गोळ्या झाडल्या तर सुटे भाग किती टिकतात ते कळतं. दहा पिस्तुलांतून दोन-दोन हजार झाडल्या तर कारखान्याचा हात किती सारखा चालतो ते कळतं. खरेदी करणाऱ्याला दुसरा आकडा जास्त उपयोगी, जाहिरातीत मात्र पहिलाच झळकतो.

परीक्षेत उतरलेलं पिस्तूलही पुढे दगा देतं. बेरेटाचं पिस्तूल चाचण्या पार करून अमेरिकी सैन्यात आलं, आणि १९८७-८८ मध्ये काही पिस्तुलांच्या स्लाइड तुटून मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर आदळला. दोष पोलादाचा की जादा दाबाच्या दारूगोळ्याचा, यावर बराच वाद झाला. अखेर तुटलेली स्लाइड मागे येऊच नये म्हणून घोड्याच्या पिनीचं डोकं मोठं केलं. कारणावर एकमत नाही पण इलाज चालला, अशी उदाहरणं अभियांत्रिकीत कमी नाहीत.

दारूगोळ्याचा मुद्दा महाराष्ट्राच्या जवळचा. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना ९ मिलिमीटरची काडतुसंही बनवतो. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकी गेली पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे, इशापूर गेलं कानपूरच्या कंपनीकडे. पिस्तूल एकीचं, गोळी दुसरीची. आणि अडथळा येतो तो या दोन्हींच्या भेटीत. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्कारात मानवंदनेची एकही रायफल वाजली नाही. सगळ्या रायफली एकाच क्षणी बिघडणं अवघड. अशा वेळी संशय आधी काडतुसांवर जावा.

पिस्तूल आणि गोळी झाली, आता ती वागवली जातात ती हवा: मीरा-भाईंदर. ठाणे ग्रामीण आणि पालघर पोलिसांचा भाग तोडून १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं. पहिले आयुक्त सदानंद दाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात मोजक्या सहकाऱ्यांसह अतिरेक्यांना भिडलेले आणि ग्रेनेडने जखमी झालेले अधिकारी ते हेच. हाताशी असलेल्या हत्याराची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण हा मुलूख हत्याराला मानवणारा नाही. एका अंगाला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, मध्ये भाईंदरची मिठागरं. हवेतच मीठ, त्यावर चार महिन्यांचा पाऊस. उत्तनच्या कोळीवाड्यात रोज उघडणारं कुलूप चालू राहतं आणि वर्षभर बंद घराचं गंजून बसतं. पोलिसाच्या पिस्तुलाची गत या दुसऱ्या कुलपाची.

माझा आक्षेप इथेच आहे. वर सांगितलेल्या साऱ्या परीक्षा पिस्तुलाचं वय गोळ्यांत मोजतात. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचं पिस्तूल गोळ्यांनी म्हातारं होत नाही. चांदमारीला वर्षाकाठी झडतील तेवढ्याच गोळ्या, बाकी ते नुसतं वागवलं जातं. कातडी होल्स्टर घाम आणि ओल धरून ठेवतं आणि निळसर पॉलिशच्या पातळ थराखाली गंज सुरू होतो. जुनं तेल चिकट होतं, त्यात वर्दीचे धागे आणि धूळ बसून नखीखाली लगदा साचतो. कोतातला, म्हणजे शस्त्रागारातला, आर्मोरर चिंधी फिरवून नळी आरशासारखी करतो, पण नळी बहुधा गुन्हेगार नसतेच. जास्तीचं तेल मॅगझिनमध्ये उतरून काडतुसाच्या टोपीत शिरलं तर गोळी फुसकी जाते. चेंबरमध्ये गोळी भरून ड्युटी करणाऱ्याचं आणखी एक दुखणं असतं. रोज भरताना-काढताना तीच वरची गोळी पुन्हापुन्हा आत आदळते, शिसं हळूहळू केसमध्ये मागे सरकतं आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. २०,००० गोळ्यांच्या परीक्षेत हे दिसणार कसं? तिथे प्रत्येक गोळी एकदाच भरली जाते.

प्रयोगशाळांत मिठाच्या फवाऱ्याची चाचणी आहे: बंद पेटीत ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं. मुलामा चांगला की वाईट हे ती सांगते, पण पेटीतले शंभर तास म्हणजे उत्तनचे किती महिने, याचं कोष्टक कुणी छातीठोक देऊ शकत नाही. तिथे घाम नाही, होल्स्टर नाही, महिनोन्‌महिने न उघडलेलं मॅगझिन नाही.

किनाऱ्यावरच्या आयुक्तालयाला हवी ती परीक्षा स्वस्तात होते. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, नेमणुकीवर असलेली तीस पिस्तुलं आधी न सांगता गोळा करावीत. कोतात न नेता, न पुसता, जशी कमरेला होती तशी चांदमारीवर न्यावीत. त्यातलंच मॅगझिन, त्यातल्याच गोळ्या. आर्मोररने फक्त शिसं मागे सरकलेली गोळी तेवढी आधी वेगळी काढावी. प्रत्येकातून दहा, म्हणजे तीनशे गोळ्या. अडथळा आला की पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा लॉट आणि कितवी गोळी, हे चार रकाने भरायचे. पहिल्या गोळीचा हिशेब वेगळा ठेवायचा, कारण कमरेवरून थेट आलेली तीच. दुसरी सुटेपर्यंत पहिलीने अर्धा गंज झटकलेला असतो. तिसेक पहिल्या गोळ्यांवरून मोठा निष्कर्ष निघत नाही, तीनाचा नियम इथेही लागू: सगळ्या सुटल्या तरी हमी दहा टक्क्यांच्या आतली. म्हणून ही नोंद दर ऑक्टोबरला त्याच वहीत करायची.