महापाषाणीय वसाहती, विदर्भातील : कालनिर्णय

विदर्भातील लोहयुगीन महापाषाण संस्कृतीची गावे व दफनस्थळे यांचा काल ठरविण्याच्या पद्धती. नागपूर–काटोल मार्गावरील जुनापाणी येथे सु. ३०० शिलावर्तुळे आहेत. तेथे रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये व बा. कृ. थापर यांनी १९६१-६२ मध्ये उत्खनन केले. तथापि शिलावर्तुळ हे दफनस्थान असल्याने ते उभारणारे लोक एका गावी किती पिढ्या राहिले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वस्तीचे थर तपासावे लागतात.

अशी जोडी १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात मिळाली : खापा येथे शिलावर्तुळे आणि जवळच टाकळघाट येथे वस्ती. दोन्हीकडील काळी-तांबडी मृत्पात्रे व लोखंडी वस्तू सारख्याच असल्याने ती एकाच समाजाची ठरली. टाकळघाटच्या कोळशावरून कार्बन-१४ पद्धतीने इ. स. पू. सु. सातवे-सहावे शतक हा काल निघाला. पुढे नायकुंड येथील उत्खननात (१९७८–८०) लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

या कालखंडात कार्बन-१४ पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादा पडते. इ. स. पू. सु. ८०० ते ४०० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे घटत गेले, की इ. स. पू. ७०० व ४५० मधील नमुन्यांची मापने जवळजवळ सारखीच येतात. शिवाय जुन्या वृक्षाच्या गाभ्याचा कोळसा वस्तीहून जुना काल दर्शवितो. म्हणून एकाच हंगामात पिकलेले जळके धान्यदाणे अधिक विश्वसनीय मानतात.

केवळ वस्तूंवरून केलेला कालनिर्णयही फसवा ठरू शकतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात इराक्वॉयी भाषा बोलणाऱ्यांच्या काही गावांचा काल युरोपीय मालाच्या अस्तित्वावरून वा अभावावरून ठरविला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन-१४ मापनांमुळे तो सु. ५० ते १०० वर्षांनी अलीकडे आला. कारण असा माल सर्व गावांत एकाच वेळी पोहोचला नव्हता.

म्हणून थरांचा क्रम व अनेक मापने यांची सांख्यिकीय सांगड घालतात. माहूरझरी येथील दफनांतील लोखंडी वस्तू नायकुंडसारख्या गावांतून आल्या काय, हा प्रश्न दोन्ही स्थळे समकालीन ठरल्यावाचून सुटत नाही.