हाताचा गुण

मराठीत ‘हातगुण’ असा एक मोठा मजेदार शब्द आहे. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो तेव्हा आपण त्यांच्या पदव्या मोजलेल्या नसतात, की त्यांनी लिहून दिलेले औषध कोणते हेही पाहिलेले नसते. दवाखान्याची पायरी चढतानाच निम्मा ताप उतरतो, एवढे मात्र आपल्याला ठाऊक असते. शास्त्राला या गुणाचे वजन करता येत नाही. पण डॉक्टरला विचाराल, तर त्याच्यावाचून आपला धंदा एक दिवसही चालायचा नाही, असे तो सांगेल.

साथ आली म्हणजे मात्र नेमका हाच गुण प्रथम नाहीसा होतो. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्याचा सव्वाशे वर्षांमागचा इतिहास चाळला तरी पुरे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे रोगी पटापट दगावू लागले. हा साधा ताप नसून प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. आज धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे; त्याच्यावरून रोज हजारो माणसे जातात, पण हे गृहस्थ कोण म्हणून मान वर करून पाहणारा विरळा. त्या काळी तर प्लेगचे नाव काढलेले कोणालाच नको होते. व्यापाऱ्यांना बंदराची काळजी आणि सरकारला व्यापाराची! पुढे रोगाने स्वतःच आपले नाव सांगितले, आणि लाखो लोक मुंबई सोडून पळाले.

इस्पितळांविषयी तर लोकांच्या मनात केवढी दहशत! तिथे रोग्यांच्या अंगातून तेल काढतात, अशी आवई उठली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आपण आज या अडाणीपणाला हसू. पण हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या दारातून आत गेलेला आपला माणूस बहुधा परत येत नाही, आणि आत काय चालते ते कोणी सांगत नाही, त्या दाराविषयी माणसे दुसरे काय बोलणार? २०२० मध्ये करोनाने गेलेल्यांचे देह गुंडाळलेलेच नातेवाइकांच्या हवाली होऊ लागले, तेव्हा मुंबईच्या आसपास कोणती अफवा उठली? अवयव काढून घेतात! मधल्या काळात सव्वाशे वर्षे गेली, शाळा झाल्या, कॉलेजे झाली. अफवेने फक्त आपला अवयव बदलला.

माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. एका पेठेत तीस वर्षे त्यांचा दवाखाना आहे. म्हणजे हातगुणाच्या बाबतीत ते चांगलेच सधन. एकदा बोलता बोलता ते म्हणाले की, करोनाने आमचे दोन गोष्टींनी नुकसान केले. एक तर त्याने आमचा चेहरा झाकला. तीन थरांच्या आड उभ्या असलेल्या माणसावर रोग्याने विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? आणि दुसरे म्हणजे, आम्हाला ठाऊक नव्हते तेही आम्ही ठाऊक असल्यासारखे बोललो.

हे दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटले. आठवून पाहा. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा केवढा गवगवा! सप्टेंबर २०२१ पर्यंत ते सरकारी उपचारसूचीतून गेलेही. प्लाझ्मासाठी रक्तदाते शोधत तरुण मुले वणवण हिंडली. मे २०२१ मध्ये प्लाझ्माही त्या सूचीतून वगळला गेला. रेमडेसिवीरच्या कुपीसाठी तर एप्रिल २०२१ मध्ये लोकांनी दागिने मोडले. आणि त्या औषधाची शिफारस करता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलेले होते! शास्त्र बदलले यात शास्त्राचा दोष नाही. चूक दिसताच बदलणे हाच त्याचा धर्म. पण प्रत्येक वेळी लोकांना सांगितले गेले ते अंतिम सत्य म्हणून. ‘आज आम्हाला इतके कळले आहे, उद्या कदाचित निराळे कळेल,’ हे वाक्य फार थोड्यांच्या तोंडून ऐकू आले.

सक्तीचे तर बोलायलाच नको. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, आणि त्याच्या बळावर पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरोघर शिरले. देवघर नाही, माजघर नाही. बायामाणसांची तपासणी झाली, सामानसुमानाची होळी झाली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. ज्या उपायाने रोग उजेडात यायचा, त्यानेच तो अंधारात गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, अधिकाराचा कागद नसलेली एक वृद्ध स्त्री मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात आली. त्या सेवेतच तिला प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. कायदा घरात शिरला तेव्हा रोगी लपले. त्यांच्या पाठीवर मात्र रोगी विश्वासाने बसला.

मुंबईत आणखी एक मनुष्य निराळ्या रीतीने लोकांचा विश्वास मिळवीत होता. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू जंतुशास्त्रज्ञ. त्याच्यापाशी डॉक्टरीची पदवीही नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्याने प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम टोचून घेतली स्वतःला! मग भायखळ्याच्या तुरुंगात आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. पुढे आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत दंड पुढे केला, तेव्हा अनुयायांचेही दंड पुढे आले. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे करोनाची लस सुरू झाली, ती डॉक्टर आणि इस्पितळातले सेवक यांच्यापासून. माझे स्नेही सांगतात, पुढे कित्येक महिने रोगी त्यांना एकच प्रश्न विचारीत असत, “डॉक्टर, तुम्ही घेतलीत का?” लशीत काय आहे, हे विचारणारे थोडे.

पण लस म्हणजे केवळ यशाची कथा नव्हे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल या गावी (ते आता पाकिस्तानात आहे) १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पद सोडावे लागले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हा पुरावा प्रकाशात यायला वर्षे लागली. रोनाल्ड रॉससारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आवाज उठविला, आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचेच नाव मिळाले. १९ घरांतली माणसे मात्र परत आली नाहीत; आणि लशीचा नुसता गौरव करणाऱ्यांनी त्यांना विसरणे बरे नव्हे.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोव्हिशील्डमुळे क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, ही बातमी पसरली तेव्हा माझ्या स्नेह्यांचा फोन दिवसभर वाजत होता. वास्तविक हा धोका २०२१ पासून वैद्यकाला ठाऊक होता. तो अत्यंत विरळ, आणि बहुधा टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांतला. तरी लोक घाबरले, कारण त्यांना ते तीन वर्षांनी आणि वर्तमानपत्रातून कळले. आधीच डॉक्टरने शेजारी बसवून सांगितले असते, तर भीती वाटली असती, पण फसवणूक वाटली नसती. माणूस धोका सोसतो. लपवाछपवी सोसत नाही.

१८९७ च्या त्याच कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यास कडक शिक्षा ठरली. तशी वेळ आली होती म्हणूनच ती झाली, आणि ती योग्यही होती. परंतु जो कायदा लोकांना रोगापासून वाचवायला झाला, त्यालाच डॉक्टरांना लोकांपासून वाचवावे लागले, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी विचार करण्याजोगी नाही काय? डॉक्टरांनी ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द लाज न बाळगता उच्चारावेत. आणि आपण ते ऐकून दुसऱ्या, अधिक ठासून बोलणाऱ्या डॉक्टरकडे धावू नये. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगावे? हातगुणाची पेरणी मात्र साथ नसतानाच करावी लागते. साधा पडसे-खोकला घेऊन आपण दवाखान्यात जातो ना, त्याच दिवसांत.