काय घेऊ? आणि कुणाचं ऐकू?

शेअर बाजाराचं नाव काढलं की सल्ला द्यायला सगळेच तयार असतात. पण सल्ला देणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे विचारायचं आपण विसरतो. मीही विसरले होते. तो विसरभोळेपणा मला ५९,५०० रुपयांना पडला!

परवा मावसबहिणीच्या हळदीला गेले होते. एका कोपऱ्यात बायकांची उखाण्यांची तयारी चाललेली, तर दुसऱ्या कोपऱ्यात भाऊजी, दोन मामेभाऊ आणि चक्क फोटोग्राफरसुद्धा एका मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले. मला वाटलं, मॅच असणार. बघते तर काय, कुठल्याशा शेअरचा चार्ट! ‘ताई, तू पत्रकार ना? मग सांग ना, सध्या काय घेऊ?’ धाकट्या मामेभावाने विचारलं. पत्रकार म्हणजे आतली बातमी असणारच, असा त्याचा साधा हिशेब.

मी नुसती हसले. कारण हाच प्रश्न मी २०२१ मध्ये विचारला होता आणि मला उत्तरही झटकन मिळालं होतं.

ते दिवस आठवतात? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी कोसळला होता आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच सेन्सेक्सने ६०,००० चा टप्पा ओलांडला. घरात अडकलेल्या आपल्या पिढीने धडाधड डिमॅट खाती उघडली. मार्च २०२० मध्ये देशात साधारण चार कोटी डिमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ मध्ये तो आकडा दहा कोटींच्या पुढे गेला. त्यातलंच एक खातं माझं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. फ्रीलान्सिंगमध्ये पहिलं मोठं काम मिळालं होतं, खात्यात एकदम ८० हजार आले होते आणि आपण आता ‘इन्व्हेस्टर’ व्हायला हरकत नाही, असं वाटायला लागलं होतं.

टिप माझ्या रूममेटच्या ऑफिसमधल्या एकाने दिली. छोटी कंपनी, नाव कधी ऐकलेलं नाही, पण ‘आतल्या माणसाकडून’ पक्की खबर. मी ११२ रुपयांना सातशे शेअर घेतले. ७८,४०० रुपये! आठवड्यात भाव १३१. मी खूश. रूममेटला पार्टीसुद्धा दिली.

आणि मग लोअर सर्किट लागलं. हा काय प्रकार असतो, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. एका दिवसात भाव किती पडू शकतो, याची मर्यादा एक्स्चेंजने ठरवलेली असते. माझ्या शेअरला ती पाच टक्के होती. सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा, भाव पाच टक्क्यांनी खाली यायचा आणि तिथेच गोठायचा. विकणाऱ्यांची ही मोठी रांग आणि घेणारा एकही नाही. सलग नऊ दिवस मी रोज ऑर्डर टाकत होते आणि रोज ती तशीच पडून राहत होती. दहाव्या दिवशी घेणारे आले, तेव्हा भाव होता ८२.

तेव्हा तरी विकायचं ना! पण नाही. ‘तोट्यात कसं विकायचं? येईल की वर.’ त्याच महिन्यात घरमालकाने फ्लॅट सोडायला सांगितला. कोथरूडमध्ये नवी जागा मिळाली, पण डिपॉझिट ७५ हजार. शेअर विकायला मन होईना, म्हणून बाबांना फोन केला. बाबा साताऱ्याला असतात. नगरपालिकेतून रिटायर झालेले, पोस्टाच्या मंथली स्कीमवर अढळ श्रद्धा. ते रागावले नाहीत. पैसे पाठवले आणि फक्त एक प्रश्न विचारला. ‘बाळा, ज्याने तुला हे घ्यायला सांगितलं, त्याला त्यातून काय मिळालं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज असं वाटतं, की त्याच्याकडे ते शेअर आधीपासून असणार आणि त्याला ते विकायला गिऱ्हाईक हवं होतं. कदाचित त्यालाही कुणीतरी असंच फसवलं असेल.

एक प्रश्न, चार उत्तरं

बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या वर्षी ठरवलं, की आपण पत्रकार आहोत ना, मग प्रश्नच विचारत फिरायचं. चार वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन एकच वाक्य बोलायचं. ‘माझ्याकडे दोन लाख रुपये आहेत, काय घेऊ?’ आणि उत्तर मिळालं की बाबांचा प्रश्न पुढे करायचा.

पहिला नंबर माझ्या बँकेचा. रिलेशनशिप मॅनेजर म्हणजे माझ्याच वयाचा, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा मुलगा. चहा आला आणि चहा संपायच्या आत युलिपचं माहितीपत्रकही आलं. विमाही आणि शेअर बाजारही, ‘टू इन वन’! पैसे पाच वर्षं काढता येणार नाहीत, हे मी विचारल्यावर कळलं. यात तुमचं काय, असं विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, ‘मॅम, मंथ एंड आहे.’ मला त्याचा राग आला नाही. त्याला टार्गेट आहे, एवढंच. पण मला काय हवंय, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

दुसरे, सदाशिव पेठेतले काका. तीस वर्षं एलआयसी, मग म्युच्युअल फंड. त्यांनी मात्र नोकरी, घर, आई-वडील, सगळं विचारलं आणि शेअरचा नाद सोडून एसआयपी कर म्हणाले. सल्ला वाईट नव्हता. बाबांचा प्रश्न ऐकून ते मनमोकळं हसले. ‘फंड कंपनी मला कमिशन देते. तू पैसे ठेवशील तोवर दरवर्षी. नाहीतर माझं घर कसं चालणार?’

काकांचं म्हणणं खरंच आहे. फक्त ते कमिशन कुठून येतं, हे आपल्याला माहीत हवं. ते आपल्याच पैशातून कापलं जातं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची ‘डायरेक्ट’ योजनाही मिळते, तिच्यात हे कमिशन नसतं. फरक दिसायला अगदी किरकोळ, अर्धा-एक टक्का. पण समजा, दरमहा पाच हजारांची एसआयपी वीस वर्षं चालवली. वर्षाला १२ टक्के मिळाले, तर साधारण ५० लाख होतात आणि ११ टक्के मिळाले, तर ४३ लाख ७० हजार. एका टक्क्याचे सव्वासहा लाख! मंदी आली की घाबरून पैसे काढू नकोस, असं सांगणारे काका त्या किमतीचे असतीलही. पण मग ती किंमत आहे हे समजून द्यावी.

तिसरं ठिकाण, टेलिग्राम चॅनेल. हजारो सभासद, रोज ‘शुअर शॉट’, रोज नफ्याचे स्क्रीनशॉट. तोट्याचा स्क्रीनशॉट कधीच नाही. मी विचारलं, ‘सर, तुमचा सेबीचा नोंदणी क्रमांक?’ दोन मिनिटांत मी ग्रुपच्या बाहेर! मुलाखत संपली.

इथे विनोद थांबतो. छोट्या कंपनीचे शेअर आधी गुपचूप गोळा करायचे, मग व्हिडिओ आणि मेसेजमधून गवगवा करायचा आणि आपल्यासारखे धावत आले की त्यांच्या गळ्यात माल घालायचा, हा जुनाच खेळ आहे. मार्च २०२३ मध्ये सेबीने अशाच यूट्यूब व्हिडिओंच्या प्रकरणात अनेकांना बाजारात व्यवहार करायला मनाई केली होती. याच चॅनेलवाल्यांचा लाडका माल म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या शंभरातल्या ९३ व्यक्तींनी पैसे गमावले. सरासरी तोटा माणशी साधारण दोन लाख. शंभरात सातच जण तरले. आणि आपण त्या सातातले, असं प्रत्येकालाच वाटत असतं.

बारा हजार, नुसतं बोलायचे?

चौथ्या होत्या एरंडवण्यातल्या एक मॅडम, सेबीकडे नोंदणी झालेल्या गुंतवणूक सल्लागार. फी बारा हजार. आधी मी दचकलेच. नुसतं बोलायचे बारा हजार? मग आठवलं, फुकटच्या टिपसाठी मी याच्या जवळजवळ पाचपट मोजलेत.

त्यांनी तासभर एकाही शेअरचं नाव घेतलं नाही. उलट मलाच प्रश्न. महिन्याचा खर्च किती? सहा महिने काम नाही मिळालं तर? मेडिक्लेम आहे? कुणाचं देणं? हे दोन लाख कधी लागणार आहेत? बाजार निम्म्यावर आला तर झोप लागेल? हे सगळं लिहून घेतलं, कारण ग्राहकाची जोखीम झेपण्याची ताकद तपासणं नियमाने त्यांना बंधनकारक आहे. कमिशनचं विचारलं तर म्हणाल्या, ‘ज्याला सल्ला देते, त्याला काही विकून कमिशन घेता येत नाही मला. माझी फी तुम्ही देता, म्हणून मी तुमची.’

मग निकाल सांगितला. ‘तुमची बिलं तीन-तीन महिने अडकतात, मेडिक्लेम नाही आणि तुम्ही शेअर शोधताय! आधी विमा घ्या. सहा महिन्यांचा खर्च एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. उरेल त्यातून साधा इंडेक्स फंड.’ दोन लाखांतले शेअर बाजारात जाण्यासारखे किती उरले? पंचवीस हजार!

जाता जाता मी त्या जुन्या शेअरचं विचारलं. भाव तेव्हा २७ होता. त्या म्हणाल्या, ‘आज हा शेअर तुमच्याकडे नाही आणि तेवढे पैसे रोख आहेत, असं समजा. आज घ्याल तो?’

‘छे!’

‘मग ठेवलाय कशाला?’

त्याच आठवड्यात विकला. १८,९०० रुपये आले. तोटा रिटर्नमध्ये वेळेत दाखवला, तर पुढची आठ वर्षं शेअरमधल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून तो वजा करता येतो, हेही त्यांनीच सांगितलं. ती रात्र मात्र मी छान झोपले. रोज सकाळी भाव बघायची सवय सुटायला महिना लागला.

हळदीच्या दिवशी मामेभाऊ काही पिच्छा सोडेना. ‘ताई, सांग ना!’ मी म्हटलं, ‘आधी तू सांग. हा शेअर तुला कुणी सुचवला आणि त्याला त्यातून काय मिळणार?’ तो भाऊजींकडे बघायला लागला. भाऊजी फोटोग्राफरकडे. आणि फोटोग्राफर घाईघाईने म्हणाला, ‘चला चला, नवरीचे फोटो राहिलेत!’

सल्ला घ्यायच्या आधी...

● नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर नाव ताडून बघा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने, तर रिसर्च अॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. ‘एआरएन’ म्हणजे म्युच्युअल फंड वितरक. वितरक विकतो, सल्लागार फी घेतो.

● ‘गॅरंटीड रिटर्न’ म्हणणारा माणूस शेअर बाजाराचा सल्लागार असूच शकत नाही. तशी हमी देणं नियमात बसत नाही.

● पैसे शेअरमध्ये घालण्याआधी ते कधी लागणार, हे ठरवा. डिपॉझिटचे, लग्नाचे, फीचे पैसे बाजारात नकोत.

● ५० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला १०० टक्के वाढावा लागतो. ‘येईल वर’ म्हणण्यापूर्वी हे गणित करा.

● फसवणूक झाली तर गप्प बसू नका. नोंदणीकृत संस्थेविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते.

● आणि हो, बाबांचा प्रश्न. तो विचारायला फी लागत नाही!