जोंगा आणि जीप

जीप म्हटली, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या साहेबाची किंवा निवडणुकीचा कर्णा बांधलेली, धुरळा उडवीत येणारी गाडी उभी राहते. ‘जोंगा’ हे नाव मात्र बहुधा सैन्याशी संबंध आलेल्यांनाच ठाऊक असते. एकाच प्रकारच्या या दोन गाड्या आज हौशी संग्राहकांच्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या दिसतात. तेव्हा त्यांत सरस कोणती, हा प्रश्न साहजिकच निघतो.

जीप मूळची अमेरिकेच्या विलीज कंपनीची. दुसऱ्या महायुद्धात ती नावारूपास आली आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. जोंगा जबलपूरची. तेथे तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून आहे. १९६९ साली त्याच शहरात लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना स्थापन झाला आणि जपानच्या निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ गाडीवर आधारलेली जोंगा तेथे तयार होऊ लागली. जबलपूर, आयुधे, तोफगाडा आणि जुळणी या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तिचे नाव बनले आहे.

बळाच्या बाबतीत दोघींची बरोबरी होत नाही. महिंद्रच्या जुन्या जीपचे इंजिन चार सिलिंडरचे व सुमारे २.२ लिटरचे, जोंगाचे सहा सिलिंडरचे व जवळजवळ ४ लिटरचे. मोठे इंजिन कमी फेऱ्यांतही भरपूर ओढ देते. त्यामुळे चढावर, भरल्या गाडीनिशीही, जोंगाच्या चालकाला वारंवार गिअर बदलावा लागत नाही. उलट जीप अंगाने लहान व हलकी; अरुंद पायवाटेवर ती सहज वळते, आणि तिची दुरुस्ती गावचा मिस्त्रीही करू शकतो.

संग्रहाच्या दृष्टीने मात्र तुलना निराळी होते. जीप गावोगाव खपली, तिच्या वंशातील गाड्या अनेक दशके निघत राहिल्या. म्हणून तिचे सुटे भाग मिळतात. जोंगाचे उत्पादन १९९० च्या दशकाअखेर थांबले. सैन्याने लिलावात काढलेल्या गाड्यांतूनच ती बहुतेक संग्राहकांकडे आली. २०१९ साली क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांनी जोंगा घेतली, तेव्हा तिचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत झळकले.

परंतु तिचे बळ हेच तिच्यावरचे संकट ठरले. मोठे इंजिन पेट्रोल फार पिते. म्हणून पुष्कळ मालकांनी ते काढून तेथे डिझेलचे इंजिन बसविले. खर्च वाचला, पण जिच्यामुळे जोंगा जीपहून वेगळी, ती गोष्टच गेली. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी त्यांत अट आहे. जबलपूरच्या पहिल्या जोंगांनी पन्नाशी ओलांडली आहे. पण इंजिन बदललेल्या गाडीला या अटीत बसणे कठीण.

म्हणून ज्याला गाडी नित्य वापरावयाची आहे, त्याने जीप घ्यावी हे उत्तम. जोंगा घेणाऱ्याने मात्र रंग व टप पाहण्याआधी झाकण उघडून इंजिन पाहावे आणि लिलावाची कागदपत्रे तपासावीत. सहा सिलिंडरचे मूळ इंजिन जागेवर असेल, तर पेट्रोलचा खर्च सोसूनही ते तसेच राखणे योग्य. कारण अशा जोंगा आता नव्याने होणार नाहीत.